माइल्स कमी पडतायत? गोल्ड वाचवायचं असेल तर आधी जुनी तिकिटं शोधून काढा

विमान कंपन्या आपल्या सभासदांना वर्षभरातल्या प्रवासाच्या पॉइंटवरून (काही योजनांत त्यांना माइल्स म्हणतात) सिल्व्हर, गोल्ड असा दर्जा देतात, तो म्हणजे स्टेटस. हे स्टेटसचं वर्ष संपत आलं की ओळखीतल्यांचे फोन सुरू होतात. गोल्ड जातंय, थोडेच पॉइंट कमी आहेत, मुंबईला एक रिकामी चक्कर मारून येऊ का? हा सल्ला त्यांना कुणीतरी छातीठोकपणे दिलेला असतो. नागपूरकरासाठी तो साफ चुकीचा आहे. नागपूर-मुंबई हवाई अंतर जेमतेम सव्वाचारशे मैल, दिल्लीचं सव्वापाचशेच्या आसपास. अंतरावर माइल्स मोजणाऱ्या योजनेत मुंबईला जाऊन आलात तर साडेआठशे मिळतील, आणि तेही तिकीट पूर्ण माइल्स देणाऱ्या भाड्याच्या क्लासचं असेल तरच. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत एलिट गोल्डला 50,000 माइल्स लागतात. म्हणजे मुंबईच्या जवळजवळ साठ फेऱ्या. अशा हिशेबात एका चकरेनं काय भरून निघणार?

म्हणून माझा क्रम उलटा आहे. नवीन तिकीट अगदी शेवटी. त्याआधी तुम्ही केलेल्या पण खात्यात कधीच न चढलेल्या प्रवासाचे पॉइंट वसूल करायचे.

तूट नेमकी किती ते बघा

खात्यात दोन वेगळे आकडे असतात. एक तिकिटं घ्यायला, खर्च करायला वापरायचा; दुसरा स्टेटस ठरवणारा. क्रेडिट कार्ड, हॉटेल, खरेदी यांतून येतात ते बहुधा पहिल्या आकड्यात. त्यात लाखभर पॉइंट पडून असले तरी गोल्ड वाचत नाही.

दुसरं, स्टेटस मिळवायला लागतात तेवढेच पॉइंट टिकवायला लागतात असं धरू नका. कतार एअरवेजचं गोल्ड मिळवायला 300 क्यूपॉइंट (त्यांचे स्टेटसचे पॉइंट) लागतात, टिकवायला 270. दोहामार्गे अमेरिकेला जाणारी नागपूरची कितीतरी माणसं त्या तीसच्या फरकापायी उगाच घाबरलेली मी पाहिली आहेत. तुमचं वर्ष कोणत्या तारखेला संपतं तेही खात्यातच बघा. ते 31 डिसेंबरलाच संपेल असं नाही.

एअर इंडियाचं जुनं गणित डोक्यात असेल तर ते पुसून टाका. 2024 च्या एप्रिलपासून तिथे अंतरावर नाही, खर्चावर पॉइंट मिळतात.

न चढलेले पॉइंट वसूल करा

इथे घाई करू नका. सगळं काम इथेच आहे, आणि बहुतेक लोक इथेच कंटाळून सोडून देतात.

गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक उड्डाणाची यादी करा आणि खात्यातल्या नोंदींशी एकेक ताडून बघा. सीताबर्डीच्या एजंटकडून काढलेली तिकिटं, ऑफिसनं काढून दिलेली तिकिटं, मुलानं परदेशातून बुक केलेली तिकिटं यांची आधी झडती घ्या. मेंबरशिप नंबर टाकायचा राहतो तो याच तिकिटांत. एजंट “टाकला होता” म्हणाला तरी खात्यात नोंद दिसेपर्यंत विश्वास ठेवू नका.

राहिलेले पॉइंट मागायच्या अर्जाला, म्हणजे क्लेमला, पीएनआर पुरत नाही. प्रवास झाला की थोड्याच दिवसांत तो सिस्टीममधून निघून जातो. लागतो तो तेरा आकडी ई-तिकीट नंबर. त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात: 098 म्हणजे एअर इंडिया, 157 कतार, 618 सिंगापूर एअरलाइन्स. सोबत बोर्डिंग पास. आणि कृपा करून तो पास गाडीच्या डॅशबोर्डवर टाकू नका. तो थर्मल कागद असतो. नागपूरच्या मे महिन्यात बंद गाडीत दुपारभर राहिला की काळपट पडतो आणि सीट नंबरसुद्धा वाचता येत नाही. पास हातात पडला की तिथल्या तिथे फोटो काढा. अनेक योजनांत क्लेमची मुदत सहा महिन्यांची असते, त्यामुळे आज टाळलेला क्लेम पुढच्या महिन्यात बाद झालेला असू शकतो.

मला खरा त्रास झाला तो नावाचा. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. बोर्डिंग पासवर ते कसं छापून येतं ते एकदा नीट बघा: आधी आडनाव, मग तिरकी रेघ, मग तुमचं आणि वडिलांचं नाव मध्ये जागा न सोडता एकाला एक चिकटलेलं, आणि त्याच्या शेपटाला मिस्टरचं एमआर. मेंबरशिप खातं उघडताना मात्र आपण सरळ नाव आणि आडनाव लिहितो. यंत्राला ही दोन वेगळी माणसं दिसतात. एका कंपनीकडून मला पुन्हा पुन्हा तेच ठरीव उत्तर यायचं, नाव जुळत नाही. पासपोर्ट पाठवला, पास पाठवला, तरी तेच.

यावर उपाय एकच. क्लेम थांबवा आणि आधी खात्यातलं नाव पासपोर्टप्रमाणे करून घ्या, पासपोर्टची प्रत जोडून, लेखी. ते बदललेलं दिसलं की मग क्लेम टाका. तिकिटावरचं नाव मागाहून बदलता येत नाही, खात्यातलं येतं. लग्नानंतर पासपोर्टवर आडनाव बदललेल्या आणि खातं माहेरच्या नावाचं असलेल्या बायकांनी तर हे पहिल्या दिवशी करावं. कॉल सेंटरवर तासभर बोलून यातलं काही होत नाही. ईमेल करा, म्हणजे पुढच्या माणसाला मागचा पत्रव्यवहार दाखवता येतो.

क्लेम नाकारला गेला तर कारण वाचा. “हा क्लास पात्र नाही” असं उत्तर आलं तर ई-तिकिटावरचं क्लासचं एक अक्षर बघा आणि ते योजनेच्या तक्त्यात शोधा. इकॉनॉमी म्हणजे एकच क्लास नव्हे. शेजारच्याच सीटवरच्या माणसाला पूर्ण माइल्स आणि तुम्हाला शून्य, असं सहज होतं. तक्त्यात ते अक्षर पात्र दिसत असेल तर तक्ता जोडून परत लिहा. विमान कोडशेअरचं असेल, म्हणजे नंबर एका कंपनीचा आणि विमान दुसरीचं, तर तुमची योजना दोघांपैकी कुणाला धरते ते बघून घ्या.

यात एक गोष्ट लोकांना माहीतच नसते. विमान रद्द झालं किंवा पुढचं चुकलं आणि कंपनीनं तुम्हाला दुसऱ्याच कंपनीच्या विमानात बसवलं, तर पॉइंट मूळ तिकिटाप्रमाणे मागता येतात. याला ओरिजिनल राउटिंग क्रेडिट म्हणतात. मागताना हेच शब्द वापरा. बऱ्याच कंपन्या ते देतात, पण आपणहून कुणी देत नाही. दिल्लीच्या धुक्यात अडकून तिसऱ्याच विमानानं गेलेल्या नागपूरकरांचे भरपूर पॉइंट असे राहून गेलेले असतात.

तरीही कमी पडत असतील, तर तिकीट घ्या

रिकामी फेरी नको. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जो प्रवास होणारच आहे, तोच अलीकडे ओढा. परदेशी जायचं असेल तर नागपूर ते मुंबई किंवा दिल्ली हा तुकडा स्वस्त मिळतो म्हणून वेगळ्या कंपनीचा घेऊ नका. अलायन्स म्हणजे एकमेकांच्या सभासदांना पॉइंट देणाऱ्या कंपन्यांचा गट; एअर इंडिया आणि सिंगापूर एअरलाइन्स स्टार अलायन्समध्ये आहेत, इंडिगो कोणत्याही अलायन्समध्ये नाही. तिचं वेगळं तिकीट काढलंत तर त्या तुकड्याचा तुमच्या स्टार अलायन्सच्या खात्याला काही उपयोग नाही. एअर इंडियाचं नागपूरपासून सलग तिकीट काढा: पॉइंटही येतील, आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर पुढची सोय करणं कंपनीवर राहील.

खर्चावर पॉइंट देणाऱ्या योजनेत तिकिटाची पूर्ण रक्कम धरू नका. जीएसटी आणि विमानतळाची फी वजा करा, मूळ भाड्यावर हिशेब करा. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूर-मुंबईची भाडी चढतात. तेव्हा तिकीट ऑफिस काढून देत असेल तर तीच फेरी जास्त पॉइंट देऊन जाते. स्वतःच्या खिशातून मात्र त्या दिवसांत मुळीच नको. पॉइंट खर्चून घेतलेल्या फुकट तिकिटावर सहसा स्टेटसचे पॉइंट मिळत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

तुमचं वर्ष डिसेंबर-जानेवारीत संपत असेल तर शेवटचे पॉइंट दिल्लीच्या विमानावर टाकू नका. धुक्यानं ते रद्द झालं की सगळंच गेलं. मुंबईमार्गे जा, आणि शेवटच्या तारखेआधी निदान दोन आठवडे मोकळे ठेवा.

आणि तिकीट काढण्याआधी हे गोल्ड तुम्हाला कशाला हवंय ते ठरवा. नागपूर-मुंबईच्या दीड तासासाठी ते वाचवण्यात मला अर्थ वाटत नाही. लेकीकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांसाठी मात्र आहे. स्टार अलायन्सच्या गोल्डवर नगावर सामान मोजणाऱ्या मार्गांवर एक बॅग जास्त मिळते, वजनावर मोजणाऱ्या मार्गांवर 20 किलो. ती जास्तीची बॅग म्हणजे संत्रा बर्फी, सावजी मसाला, कुरडया, पापड, वर्षभराची हळद, आणि शिवाय नातवंडांचे कपडे. वर्षातून एकदा जरी असा प्रवास होणार असेल तर थोडा खर्च करायला माझी हरकत नाही. नसेल तर सिल्व्हरवर आलात म्हणून काही बिघडत नाही.

मुदतवाढ मागून बघा

वर्ष संपण्याआधी कंपनीला एक छोटा ईमेल करा. आजारपण, शस्त्रक्रिया, बाळंतपण यामुळे प्रवास कमी झाला असेल तर कागद जोडा. काही कंपन्या मुदत वाढवून देतात, काही खर्चायचे पॉइंट घेऊन स्टेटस पुढे चालू ठेवतात. मुदत संपल्यावर लिहिलेल्या पत्राला वजन राहत नाही. दुसऱ्या कंपनीकडे स्टेटस मॅच, म्हणजे इथल्या गोल्डच्या जोरावर तिथलं स्टेटस, मागायचं असेल तर तेही हातात गोल्ड असेपर्यंतच.

स्टेटसची मुदत वाढून मिळाली की आधीच काढून ठेवलेल्या पुढच्या तिकिटांत मेंबरशिप नंबर काढून पुन्हा टाका. जुन्या बुकिंगमध्ये बऱ्याचदा जुनीच मुदत अडकून राहते, आणि काउंटरवरचा माणूस त्याच्या स्क्रीनवर दिसेल तेवढंच मानतो.