नवरीच्या फोटोवर मत कसं द्यावं आणि कसं घ्यावं

आषाढी एकादशी उलटली की आमच्याकडे लग्नाचे मुहूर्त जवळजवळ थांबतात, ते तुळशीच्या लग्नापर्यंत. या रिकाम्या महिन्यांत मिरजेतल्या एका स्टुडिओत आम्ही लग्नाचे फोटो काढणारे सात-आठ जण पंधरा दिवसांतून एकदा जमतो. ज्यानं-त्यानं सरल्या हंगामातला नवरीचा एक फोटो आणायचा, भिंतीवर मोठा करून दाखवायचा आणि इतरांनी त्यावर बोलायचं. पहिल्या वर्षी मी तिथून अगदी खट्टू होऊन परतले. दीड तासात 'भारी आलाय', 'काहीतरी चुकतंय', 'मी असा काढला नसता' एवढंच ऐकायला मिळालं होतं. मग हळूहळू आम्हीच बोलायची आणि ऐकायची एक रीत बसवली. ती इथे सांगते. तुमचा स्वतःचा स्टुडिओ असो, कॅमेरा नुकताच हाती आलेला असो किंवा घरच्या लग्नाचा अल्बम निवडायला बसला असाल, ती उपयोगी पडेल.

आधी नवरीची परवानगी

फोटो चार लोकांसमोर ठेवण्याआधी ज्या मुलीचा तो आहे तिला विचारा. ही साधी माणुसकी आहेच, पण कायद्याचाही भाग आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक तो काढून घेणारा ठरतो. आपण काढला म्हणून तो आपला, हा समज आमच्या धंद्यात फार पसरलेला आहे. मी ऑर्डर घेतानाच कागदावर एक ओळ घालते: 'निवडक फोटो कामाच्या अभ्यासासाठी इतर फोटोग्राफरना दाखवले तर चालतील / चालणार नाहीत.' घरचे एकावर खूण करतात. होकार असला तरी अल्बम घरी पोहोचेपर्यंत मी कुणाला काही दाखवत नाही. नवरीचा फोटो सगळ्यांत आधी नवरीनंच पाहायला हवा.

प्रश्न नेमका विचारा

'कसा वाटला?' असं विचारलं की 'मस्त' असंच उत्तर येतं. लोकांना दुखवायचं नसतं. म्हणून तुम्हाला काय हवं होतं आणि काय मिळालं, ते आधी सांगा. 'मला नथ आणि डोळे दोन्ही स्पष्ट हवे होते. नथ मिळाली, डोळे हरवले. कुठे चुकलं?' असा प्रश्न टाकला की समोरच्याला धरायला काहीतरी सापडतं.

सोबत परिस्थितीही सांगा, पण दोन वाक्यांत. 'गौरीहराच्या पूजेला सात मिनिटं उरली होती. कार्यालयाच्या खोलीत एक खिडकी, बाकी ट्यूबलाइट आणि नऊ बायका.' एवढं पुरतं. यापुढे गेलात तर ती सबब होते आणि ऐकणारे सांभाळून बोलायला लागतात. फोटो एकच आणा. दहा आणले की लोक आवडीनिवडीवर येतात.

एक मिनिट गप्प पाहा

मत देणाऱ्याची पहिली पायरी म्हणजे तोंड बंद ठेवून पाहणं. आमच्याकडे भिंतीवर फोटो आला की मिनिटभर कुणी बोलत नाही. त्या मिनिटात मी फक्त माझी नजर आधी कुठे गेली आणि नंतर कुठे अडकली, तेवढं लक्षात ठेवते. नवरीच्या फोटोत ती चेहऱ्यावर जायला हवी. मागच्या खुर्चीचं पांढरं कव्हर, दाराच्या चौकटीवरचा लाल दिवा किंवा टेबलावरची पाण्याची बाटली तिला ओढून नेत असेल, तर तीच पहिली नोंद.

फोटो तिकिटाएवढा लहान करून पाहा. चेहरा तरीही उठून दिसतो का? मग रंग काढून कृष्णधवल करून पाहा. शालूचा लाल आणि भिंतीचा केशरी रंग गेला की उजेड चेहऱ्यावर आहे की पदरावर, हे लगेच कळतं.

फोटो उलटवलेला नाही ना, हेही बघा. अल्बमच्या पानावर नवरीनं नवरदेवाकडे पाहावं म्हणून डिझायनर कधीकधी फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवतात. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर येतो आणि नथ बहुधा डाव्या नाकपुडीत असते. उलटवलेल्या फोटोत दोन्ही उजवीकडे जातात. बाहेरच्याला कळत नाही, पण घरातल्या आजीला पहिल्या नजरेत खटकतं.

कुठे पाहायचं

मराठी नवरीच्या फोटोत काही जागा नेहमी घात करतात. मत देताना त्या ओळीनं तपासल्या की बोलायला ठोस काहीतरी मिळतं.

नथीपासून सुरुवात करा. ती नाकाच्याही पुढे येते, म्हणजे डोळ्यांपेक्षा तीन-चार सेंटिमीटर तरी कॅमेऱ्याच्या जवळ असते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स लावून दीड मीटरवरून एफ/१.४ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र खूप मोठं उघडून, फोटो घेतला, तर स्पष्ट येणारा पट्टा जेमतेम अडीच सेंटिमीटर खोलीचा असतो. त्यात नथ आणि डोळे दोन्ही मावत नाहीत. छिद्र लहान करून एफ/२.८ वर आणलं की हाच पट्टा साधारण पाच सेंटिमीटरचा होतो आणि काम भागतं. म्हणून 'फोटो सॉफ्ट (धूसर) आहे' एवढ्यावर थांबू नका. फोकस नथीच्या मोत्यावर बसलाय की मुंडावळ्यांच्या लडीवर, ते शोधून सांगा. कॅमेऱ्याचा डोळे ओळखणारा फोकससुद्धा पुढे लोंबणाऱ्या मोत्यांनी फसतो.

चेहरा कुणीकडे वळवलाय तेही पाहा. नवरीनं मान तिच्या उजवीकडे किंचित वळवली तर डावी बाजू आपल्याकडे येते आणि नथ पूर्ण दिसते. डावीकडे वळवली तर ती नाकामागे अर्धी लपते. हनुवटीचंही तसंच आहे. 'हनुवटी खाली घे' हा फोटोग्राफरांचा आवडता सल्ला, पण गळ्याशी घट्ट बसणारी चिंचपेटी किंवा ठुशी त्यानं झाकली जाते. आईनं किंवा सासूनं दिलेला तो दागिना फोटोत असावा अशी घरच्यांची इच्छा असते. सल्ला देण्याआधी गळा बघा.

हिरवा चुडा काचेचा, त्यामुळे समोरच्या फ्लॅशचे पांढरे ठिपके प्रत्येक बांगडीवर उमटतात. हाताचा पंजा सपाट कॅमेऱ्याकडे आला तर मोठा दिसतो, कडेनं दिसला तर नाजूक.

रंगात सगळ्यांत जास्त फसवतात ते लाल शालू आणि पिवळी अष्टपुत्री. एकूण हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधारापासून उजेडापर्यंत किती काय आहे ते दाखवणारा आलेख, ठीक दिसतो आणि एकट्या लाल रंगाचा मात्र कडेला जाऊन आपटलेला असतो. मग शालूचं सगळं विणकाम जाऊन एक लाल थारोळं उरतं. तिन्ही रंगांचे हिस्टोग्राम वेगळे पाहायला सांगा. पिवळ्या साडीचा उजेड हनुवटीखाली परततो आणि गळा पिवळट दिसतो. तो दोष काढायचा. पण हळदीच्या दिवशी गालावर राहिलेला पिवळेपणा खरा आहे, तो पुसू नका.

फोटोत आडवे पट्टे दिसले तर ती हॉलमधल्या एलईडी दिव्यांची करामत. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून विजेबरोबर लुकलुकणारे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की पट्टे बहुतेक जातात.

वाक्य कसं बांधायचं

आम्ही ठरवलेला नियम असा: आधी मला काय दिसतं, मग त्यानं माझं काय होतं, आणि शेवटी काय करता आलं असतं. तिसरा भाग सुचत नसेल तर पहिले दोन सांगून थांबायचं.

हे मला पटलं ते एका फोटोमुळे. नवरी खोलीच्या मधोमध उभी, मैत्रिणीच्या कुठल्याशा बोलण्यावर मनापासून हसतेय. मला तो हंगामातला सर्वांत चांगला फोटो वाटत होता. आमच्यातले ज्येष्ठ, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, उठून भिंतीजवळ गेले आणि तिच्या तोंडाकडे बोट करून म्हणाले, "ताई, इथे मला एक काळी खूण दिसते. वरच्या दातांवर. ती कशाची ते बघायला मी तीनदा इथे आलो आणि पोरीचं हसणं राहून गेलं. व्हिडिओवाल्याचा दिवा डोक्याच्या वर होता ना?"

होता. नथीची सावली सरळ खाली पडून दोन दातांवर आली होती. लांबून बघितलं तर दात पडल्यासारखं दिसत होतं. मी तो फोटो निदान पन्नास वेळा पाहिला होता, आणि मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

"तिला खिडकीकडे दोन पावलं सरकवली असतीस तर सावली बाजूला गेली असती," अण्णा म्हणाले. "नाहीतर कुणाला तरी पांढरी चादर धरायला लावायची, कमरेच्या उंचीवर. खालून उजेड परतला की सावली विरते."

'लायटिंग चुकलंय' असं ते म्हणाले असते तर मी वाद घातला असता. त्यांनी जागा दाखवली, कारण सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी करता येईल असा उपाय दिला. तेव्हापासून माझ्या बॅगेत थर्माकोलचा पांढरा तुकडा असतो.

उपाय सांगताना तो कुठला आहे तेही स्पष्ट करा. काही दोष एडिटमध्ये जातात, जसं मागची बाटली किंवा रंगाची झाक. काही फोटो काढतानाच टाळायचे असतात, जशी ही सावली. आणि काही कुणाच्याच हातात नसतात. अंतरपाट दूर झाल्या क्षणी नवरीचे डोळे मिटलेले असले तर तो क्षण परत येत नाही. त्यावर टीका करून काय मिळणार? मात्र दोन फोटोंमधून योग्य फोटो निवडला का, यावर बोलता येतं.

जे बोलायचं नाही

नवरीच्या रंगावर, बांध्यावर, दातांवर, वयावर एक शब्दही नको. 'जाड दिसतेय' हे फोटोवरचं मत होत नाही. 'कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणि फार जवळ आहे, त्यामुळे दंड पुढे येऊन मोठा दिसतो. दोन मीटर मागे जाऊन लांब लेन्स वापर' हे मत आहे. चेहऱ्याची प्रमाणं अंतरामुळे बदलतात. ३५ मिलिमीटरच्या लेन्सनं अगदी जवळ गेलं की नाक मोठं होतं, त्यात नवरीचा काय दोष?

रंगाच्या बाबतीत मी फार आग्रही आहे. सुरुवातीच्या काळात एका एडिटिंगवाल्यानं मी दिलेल्या सावळ्या मुलीचे फोटो चार छटा उजळ करून पाठवले. मी न पाहता अल्बमला दिले, ती चूक माझी. अल्बम उघडल्यावर तिची आई बराच वेळ काही बोलली नाही. मग इतकंच म्हणाली, "फोटो छान आहेत, पण ही आमची नाही वाटत." मी सगळी पानं पुन्हा छापून दिली. आता कुणाच्याही फोटोवर बोलताना मी कान, मान आणि हात चेहऱ्याच्या रंगाशी जुळतात का ते पाहते, आणि कातडीवरची छिद्रं पुसून मेण झालंय का तेही. तसं असेल तर स्पष्ट सांगते. तिथे मी आवाज मऊ करत नाही.

ऐकून घेताना

तुमचा फोटो भिंतीवर असताना उत्तर देऊ नका. वही उघडा आणि ऐकलेलं बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहा. 'पण तिथे जागाच नव्हती' हे ओठांवर येतं, ते गिळा. समजलं नाही तर एकच प्रश्न विचारा: 'नेमकं कुठे?'

रात्री घरी वही पुन्हा वाचा. दोघातिघांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच जागा दाखवली असेल तर तिथे खरंच काही आहे. एकट्यालाच खटकलं आणि ते तुमच्या हेतूच्या आड येतं, तर सोडून द्या. मागे एकाने मला चेहऱ्यावर नाट्यमय अंधार ठेवायला सांगितलं होतं. त्याच्या फोटोंना तो शोभतो. माझ्याकडे येणाऱ्या घरांना आजीला दाखवायचे फोटो हवे असतात.

नवरी आणि तिच्या घरच्यांचं मत वेगळं घ्या आणि प्रश्नही वेगळा विचारा. त्यांना उजेडाचं काही विचारू नका. 'यातल्या कुठल्या फोटोत ती घरात असते तशी दिसते?' असं विचारा. बहुतेकदा ते मी बाजूला टाकलेल्या एखाद्या फोटोवर बोट ठेवतात, आणि मग तो फोटो मी पुन्हा नीट पाहते.

सगळे सल्ले एकदम अमलात आणायला गेलात तर लग्नात गोंधळ उडेल. वहीतला एक निवडा. मी तो कॅमेऱ्याच्या मागे चिकटपट्टीवर दोन शब्दांत लिहिते आणि तीन-चार लग्नं तेवढ्यावरच लक्ष ठेवते. मग जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवून ज्यानं दोष दाखवला होता त्यालाच दाखवते. नथीच्या सावलीनंतरच्या हंगामात पट्टीवर 'दिवा खाली' होतं. पुढच्या चातुर्मासात अण्णांनी दोन्ही फोटो पाहिले, मान डोलावली आणि लगेच नव्या फोटोत डाव्या डोळ्यावर उडून आलेली मुंडावळी दाखवली. यंदाच्या पट्टीवर 'पंखा बंद' लिहिलंय.