ब्रेक ऑइल: लेव्हल फुल दिसली तरी बदलायचं का? हो, आणि कसं ते सांगतो

आपल्याकडे गाडीचं इंजिन ऑइल लोक वेळेवर बदलतात, कूलंट बघतात, टायरची हवा तर दर आठवड्याला, पण ब्रेक ऑइलचा विषय निघाला की "अहो डबी भरलेली आहे की" एवढ्यावर संपतो. मला हे मनापासून खटकतं, कारण घरच्या सगळ्यांना बसवून आपण खंबाटकी नाहीतर आंबोलीचा घाट उतरतो तेव्हा भरवसा सगळा त्याच डबीवर असतो.

आधी कसं चालतं ते बघू. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलला जोडलेला पंप, ब्रेक ऑइल पाइपमधून पुढे ढकलतो आणि त्या प्रेशरने पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला आवळतात. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतो. पण नेहमीचं डॉट ३, डॉट ४ (हे ब्रेक ऑइलचे ग्रेड) ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, पावसाळ्यात उघड्या मिठाला पाणी सुटतं तसंच. डबी बंद असली तरी रबरी होजमधून, झाकणाच्या बारीक वाटेने ओल आत जातच राहते, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर बाहेरची हवाच दमट.

आता आकडे बघा म्हणजे पटेल. डॉट ४ नवीन असताना किमान २३० डिग्री सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डॉट ३ चं तेच २०५ वरून १४०. लांब उतारावर सारखा ब्रेकवर पाय ठेवून उतरलात की पॅड-डिस्क भयंकर तापतात, ती उष्णता कॅलिपरमधून (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) ऑइलला लागते, ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफ मात्र दाबली जाते. म्हणजे पेडल थेट खाली जातं आणि गाडी थांबत नाही. घातक गोष्ट अशी की अर्ध्या तासाने सगळं थंड झालं की पेडल परत कडक लागतं, मग माणूस म्हणतो झालं ठीक, आणि तसाच पुढे निघतो.

म्हणून हे किलोमीटरवर नाही, वर्षांवर मोजायचं. बहुतेक गाड्यांना साधारण दोन वर्षांनी, नेमकं तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. गाडी वर्षभर सोसायटीत उभीच असली तरी बदलायचं. कोणता ग्रेड ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, तोच घ्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते आपल्या गाडीत घालायचं नाही, आणि डॉट ५.१ वेगळं, नावावरून गोंधळू नका. इंजिन ऑइल किंवा स्टीअरिंग ऑइल चुकून थेंबभरसुद्धा नको, आतली रबरी सील फुगतात आणि सगळं उघडून बसावं लागतं.

लेव्हल बघणं सोपं. बॉनेट उघडा, ड्रायव्हरच्या बाजूला मागे, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधली भिंत) अर्धपारदर्शक डबी असते, बाहेरूनच मिन आणि मॅक्सच्या रेघा दिसतात, झाकण उघडायची गरजच नाही. लेव्हल हळूहळू थोडी उतरली तर बहुधा पॅड झिजलेत, कारण पॅडला ढकलणारा पिस्टन बाहेर येतो आणि त्याच्यामागची जागा ऑइल भरतं. अशावेळी उगाच वरून ओतू नका, आधी पॅड बघा, नाहीतर नवीन पॅड घालताना पिस्टन मागे ढकलला की ऑइल डबीतून बाहेर येतं आणि रंग खातं (सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा). लेव्हल अचानक उतरली तर मात्र लीक आहे. चाकांची आतली बाजू आणि पेडलच्या वर ओलं आहे का बघा आणि गाडी चालवू नका, टो करून न्या. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला तर आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे ना ते बघा.

काळपट झालेलं ऑइल जुनं हे नक्की, पण स्वच्छ दिसलं म्हणून पाणी नाही असं नसतं. ऑइलमधलं पाणी तपासायला पेनसारखा टेस्टर मिळतो, अंदाजाला ठीक आहे.

बदलण्याबद्दल माझं स्पष्ट मत: गॅरेजमध्येच करा, पण समोर उभे राहा. काही ठिकाणी नुसतं डबीतलं ऑइल सिरिंजने ओढतात, नवीन ओततात आणि बिल लावतात. याला बदलणं म्हणत नाहीत, कॅलिपरमधलं जुनं तसंच राहतं. खरं काम असं असतं: डबीतलं जुनं काढून नवीन भरायचं, मग एकेका चाकाच्या ब्लीडिंग निपलला (जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडायचं. आतला माणूस पेडल दाबून धरतो, बाहेरचा निपल पाव फेरा ढिला करतो, काळं ऑइल आणि बुडबुडे बाहेर येतात, निपल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. नळीतून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हेच, आणि मध्ये मध्ये डबी भरत राहायची, ती रिकामी झाली की हवा शिरली आणि पुन्हा पहिल्यापासून. सहसा लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरुवात करतात, काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो. एबीएसमध्ये (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) हवा अडकली तर गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो, घरी करू नये म्हणतो ते यासाठीच. सीलबंद डबा तुमच्यासमोर फोडायला सांगा, उरलेलं ऑइल पुढच्या वर्षासाठी जपून ठेवू नका. शेवटी गाडी उभी असतानाच पेडल कडक लागतंय ना ते दाबून बघा, मगच हलवा.

आणि घाटात पेडल स्पंजसारखं मऊ लागलं तर: भराभर पंप करा, खालच्या गिअरवर या, ऑटोमॅटिक असेल तर एल किंवा मॅन्युअल मोड, हँडब्रेक हळूहळू ओढा, सुरक्षित जागी बाजूला घ्या आणि थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते. पेडल परत चांगलं वाटलं तरी तिथून मेकॅनिकला फोन करा.