परड्यातल्या सिल्की कोंबड्या : या चुका टाळा

मृगाचा पाऊस सुरू झाला की आठवडाभरात कुणी ना कुणी पुठ्ठ्याच्या खोक्यात भिजलेली सिल्की घेऊन माझ्या दारात उभा राहतो आणि "कालपर्यंत चांगली होती हो" असे सांगतो. कोल्हापूरजवळ कळंब्याला घरामागच्या परड्यात मी गेली अकरा वर्षे या कोंबड्या पाळत आहे आणि जवळजवळ तेवढीच वर्षे हे वाक्य ऐकत आहे. कोंबडी चांगलीच असते. तिला गावरान कोंबडीसारखे उघड्यावर सोडून दिलेले असते, एवढीच भानगड असते.

साध्या पिसाच्या तंतूंना डोळ्यांना न दिसणारे बारीक आकडे असतात. ते एकमेकांत गुंतून पिसाचे सलग पाते तयार होते आणि पावसाचे पाणी त्यावरून ओघळून जाते. सिल्कीच्या पिसांत ही गुंतवण नसते, म्हणूनच ते केसासारखे सुटे आणि मऊ दिसते आणि त्याच कारणाने तिला उडताही येत नाही. पाणी थेट कातडीपर्यंत मुरते आणि पीस वाळायला फार वेळ लागतो. गावरान कोंबडी अंग झाडून दहा मिनिटांत चरायला लागते, तर सिल्की तेथेच थिजून बसते.

हे मी कुठे वाचून शिकलेलो नाही. 2019 साली पंचगंगेला महापूर आला, त्याच्या आठ-दहा दिवस आधी मी गडहिंग्लजला एका बारशाला गेलो होतो. निघताना ऊन होते, म्हणून पाच आठवड्यांची नऊ पिल्ले आणि त्यांची आई जाळीच्या मोकळ्या आवारात सोडून गेलो. खुराड्याचे दार उघडे होते आणि पाऊस आला तर ती आपण होऊन आत जातील, असा माझा हिशेब होता. दुपारी पाऊस कोसळला. गावरान पिल्ले पडवीत पळाली. सिल्कीची पिल्ले मात्र वळचणीखाली, जिथे पागोळ्या पडत होत्या नेमक्या त्याच जागी, एकमेकांच्या अंगावर चढून बसली. तुऱ्याची पिसे ओली होऊन डोळ्यांवर आली की या पक्ष्याला दार कुठे आहे तेच दिसत नाही. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा माझी आई चुलीपुढे मांडीवर टॉवेल घेऊन बसली होती आणि टॉवेलात तीन पिल्ले होती. "बाकीचा कापूस झाला रं भिजून," एवढेच ती म्हणाली. सहा पिल्ले मेली होती, तीही सगळी ढिगाच्या तळाची.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत, बाहेर कितीही कडक ऊन असो, घरात माणूस नसेल तर सिल्की आवारात सोडायची नाही. आवाराच्या अर्ध्या भागावर पत्रा आहे आणि तो भिंतीपासून तीन फूट पुढे काढलेला आहे. खुराड्याची जमीन दीड फूट उचललेली आहे. खाली भाताचे तूस टाकतो. आपल्याकडे उसाचे पाचट फुकट मिळते म्हणून पुष्कळजण तेच अंथरतात. उन्हाळ्यात ते चालून जाते, परंतु पावसाळ्यात पाचट ओल धरते, आतून बुरसटते, आणि ती बुरशी पिल्लांच्या छातीत जाते. पिल्लू चोच उघडून धापा टाकू लागले की मग औषधाच्या दुकानात धावपळ सुरू होते. दोन पोती तुसाची रक्कम वाचवून काय मिळवले, हा प्रश्न मी अशांना विचारतो आणि त्यामुळे अनेकांना अप्रिय झालो आहे.

भिजलेल्या पक्ष्याला आधी सुक्या कापडात दाबून पाणी टिपावे, चोळू नये, आणि मग उबेला ठेवावे. केस वाळवण्याचे यंत्र वापरायचे तर ते मंद आणि हातभर लांबून.

डोळ्यांवर येणारी तुऱ्याची पिसे दर महिन्याला कात्रीने कमी करावीत. "शोभा जाते" ही तक्रार प्रदर्शनात पक्षी मांडणाऱ्याने करावी. मागची बाजू दिसत नसलेली कोंबडी मुंगसाला सापडायला वेळ लागत नाही.

आता माझ्या दुसऱ्या दुखण्याकडे येतो, ते म्हणजे संकर. प्रत्येक नवशिक्याला वाटते की एक सिल्की कोंबडा आणला, दोन-चार गावरान कोंबड्यांत सोडला, की वर्षभरात परडे कापसाच्या गोळ्यांनी भरेल. मलाही तसेच वाटले होते. पांढरा कोंबडा आणि तांबडी गावरान कोंबडी यांच्यापासून मी अकरा पिल्ले काढली. पिसे फुटू लागली तशी ती सगळीच्या सगळी साध्या पिसांची निघाली. माझा संशय शेजाऱ्याच्या लाल कोंबड्यावर गेला. मी तसे बोलूनही दाखवले आणि त्या घराशी माझे चार महिने बोलणे बंद होते. पिल्ले थोडी मोठी झाल्यावर मिळेल त्या भावाने रविवारच्या बाजारात विकून टाकली. पुढे जनावरांच्या दवाखान्यात सहज विषय निघाला तेव्हा डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला, "त्यांची बोटे मोजली होती का?"

मोजली नव्हती, परंतु आठवत होती. अकराही पिल्लांच्या पायाला सिल्कीसारखी पाच-पाच बोटे होती आणि साध्या कोंबडीला चारच असतात. पाच बोटांचा गुण एका बाजूने आला तरी बहुधा उमटतो. रेशमी पिसाचा गुण मात्र आई आणि बाप या दोघांकडूनही मिळाला तरच दिसतो. पहिल्या पिढीतले प्रत्येक पिल्लू तो गुण पोटात घेऊन फिरत असते, अंगावर दाखवत नाही. त्यांतल्याच तलंगा, म्हणजे तरुण माद्या, ठेवून त्यांना पुन्हा शुद्ध सिल्की कोंबडा दिला असता तर पुढच्या पिढीत सरासरीने निम्मी पिल्ले रेशमी निघाली असती. म्हणजे जे हवे होते त्याच्या अर्ध्या वाटेवर मी पोचलेलो होतो आणि तेथूनच सगळे विकून मोकळा झालो. शेजाऱ्याकडे जाऊन चूक कबूल केली, तो भाग येथे विस्ताराने सांगत नाही.

संकर करायचाच असेल तर दोन वर्षांची तयारी ठेवावी, पिल्लांच्या पायात रंगीत कड्या घालाव्यात आणि कोण कोणाचे ते वहीत लिहावे. शुद्ध जातच वाढवायची असेल तर एका कोंबड्यामागे पाच-सहा माद्या पुरतात. भाऊ-बहिणीची जोडी लावत राहणे हा मात्र नुसता आळस आहे. दर दोन वर्षांनी बाहेरचा कोंबडा आणावा. अंडी फळत नसतील तर कोंबड्याला दोष देण्याआधी दोघांच्याही बुडाभोवतीची दाट पिसे कापून पाहावीत. माझ्याकडे निम्म्या तक्रारी तेवढ्यानेच मिटल्या आहेत.

पाच बोटांवरून आठवले. सिल्कीची कातडी आणि हाडे काळी दिसली की आपल्याकडे लोक कडकनाथ म्हणून मोकळे होतात. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला, साध्या पिसांचा आणि चार बोटांचा. सिल्की मुळात चीनकडची. अंडे दोघींचेही काळे नसते, त्यामुळे काळ्या अंड्याच्या नावाने जादा पैसे मागणाऱ्याशी बोलणेच थांबवावे. सिल्कीपासून वर्षाला शंभराच्या आसपास, लहान आणि मळकट पांढरी अंडी मिळतात. अंड्यांचा धंदा करायचा असेल तर ही जात नव्हे.

दोन महिन्यांची "नर-मादी जोडी" विकत घेऊ नये. या जातीत चार-पाच महिन्यांपर्यंत नर-मादी खात्रीने ओळखता येत नाही. एकत्र वाढलेली सहा पिल्ले घ्यावीत आणि वाट पाहावी.

सिल्की वरचेवर खुडूक होते, म्हणजे अंडी घालायचे थांबवून उबवायला बसते, आणि एकदा बसली की पोटाखाली अंडी असोत वा गारगोट्या, उठत नाही. लोकांना याचे फार कौतुक वाटते. चूक अशी होते की तिला रवणीला बसवल्यावर खुराडे उघडेच ठेवतात, बाकीच्या कोंबड्या रोज तिच्याखाली अंडी घालून जातात आणि एकविसाव्या दिवशी पिल्ले निघाली की ती उरलेली अर्धवट अंडी सोडून उठते. मी सात-आठ अंडी एकाच दिवशी ठेवतो, प्रत्येकावर शिसपेन्सिलीने तारीख घालतो आणि त्या कोंबडीला डालग्यात वेगळे बसवतो. रोज सकाळी तिला हाताने उचलून दाणा-पाण्यापाशी ठेवावे लागते, नाहीतर ती उपाशी राहून वाळते. पिल्ले निघाल्यावर पहिले काही दिवस तिच्या पोटाखाली हात घालून पाहावे, कारण लांब तंतूंत पिल्लाची मान किंवा पाय अडकतो.

यंत्रात अंडी उबवणाऱ्यांसाठी एकच गोष्ट सांगतो. पंख्याच्या यंत्राला 37.5 अंश ठीक आहे, परंतु सोबतच्या कागदात लिहिले आहे म्हणून कोल्हापूरच्या जुलैत दोन्ही वाट्या पाण्याने भरू नयेत. येथल्या हवेतच इतकी ओल असते की अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि तयार झालेले पिल्लू कवचातच गुदमरते. मी पावसाळ्यात अठराव्या दिवसापर्यंत वाट्या कोरड्याच ठेवतो. त्यानंतर अंडी फिरवणे थांबवून पाणी घालतो.

मान वाकडी झाली की "मानमोडी आली", म्हणजे राणीखेत रोग आला, असा गलका होतो. अनेक सिल्कींच्या डोक्याच्या हाडाला वर घुमटासारखा उंचवटा असतो आणि तेथले हाड पुरते जुळलेले नसते. गावरान कोंबड्याची एक चोच वर्मी बसली तरी मेंदूला सूज येऊन मान फिरते. एकच पक्षी असा झाला असेल आणि बाकीचे खात-पीत असतील तर त्याला वेगळे ठेवावे, हाताने भरवावे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ई जीवनसत्त्व सुरू करावे. माझी एक कोंबडी तीन आठवड्यांनी सरळ झाली. तिसऱ्याच दिवशी सुरी शोधणाऱ्यांना हे सांगून उपयोग नसतो. परंतु एकाच वेळी अनेक पक्षी मलूल, धापा आणि हिरवी हगवण असे दिसले तर ती खरी मानमोडी समजावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एक पाय पुढे आणि एक मागे टाकून पक्षी पडला तर मॅरेक्स या विषाणूच्या रोगाची शंका घ्यावी. त्यावर उपचार नाही. लस पिल्लू निघाल्याच्या पहिल्या दिवशी द्यायची असते, म्हणून पिल्ले विकत घेताना ती दिली आहे का हे विचारावे.

मानमोडीची लस मात्र आपल्या हातात आहे आणि "आठ पिल्लांसाठी शंभर डोसांची कुपी कशाला फोडायची" म्हणून ती टाळली जाते. मिसळलेली लस दोनेक तासांत संपवावी लागते, हे खरेच आहे. आमच्या गल्लीत त्यासाठी एक रविवार ठरलेला असतो. कुपी मी बर्फ घातलेल्या थर्मासमधून आणतो आणि सकाळी सात वाजता ज्याची त्याची पिल्ले पाटीत घालून माणसे माझ्या पडवीत येतात. गावरान असो वा सिल्की, प्रत्येकाच्या डोळ्यात एक थेंब पडतो. पाटी धरायला सगळ्यात आधी लाल कोंबड्याचा तो शेजारीच येतो.