सोलापुरात बसून एआय आणि ऊर्जेच्या संशोधनाला सरकारी ग्रँट कशी मागायची

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ऊर्जा विभागाचं जेनेसिस मिशन सुरू झालं. त्यांच्या १७ राष्ट्रीय लॅब, सुपरकॉम्प्युटर आणि एआय एकत्र जोडून विज्ञान आणि ऊर्जेतलं संशोधन जोरात पुढं न्यायचं असा तो बेत आहे, आणि तेव्हापासून आमच्याकडची नवी मास्तर मंडळी, एमटेकची पोरं सगळे एकच विचारतात, "सर, आपल्याकडं असलं काय आहे का, आणि असलं तरी सोलापूरवाल्यांना कोण देणार?" आहे, आणि देतातही, फक्त मागायची पद्धत आहे आणि ती आपल्याला कुणी नीट बसून सांगत नाही म्हणून हे लिहितोय.

आधी पैसा कुठं आहे ते बघू. मोठं दार म्हणजे एएनआरएफ, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, २०२३ चा कायदा, ५ फेब्रुवारी २०२४ पासून लागू, संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं जुनं मंडळ एसईआरबी यातच विलीन झालं. नुकतेच लागलेले असाल तर पीएम अर्ली करिअर रिसर्च ग्रँट बघा, जुने असाल तर अ‍ॅडव्हान्स्ड रिसर्च ग्रँट, आणि आपल्या युनिव्हर्सिटीसारख्या राज्य विद्यापीठांना मोठ्या संस्थेशी जोडून पैसे देणारी पेअर नावाची योजनाही आहे. वीज, ग्रिड, ट्रान्सफॉर्मर असा विषय असेल तर ऊर्जा मंत्रालयाची रिसर्च स्कीम ऑन पॉवर, ती बेंगळुरूच्या सीपीआरआय म्हणजे केंद्रीय वीज संशोधन संस्थेमार्फत चालते, आणि सोलर-बायोमास असेल तर एमएनआरईचा, म्हणजे केंद्राच्या नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा संशोधन कार्यक्रम. एमएनआरईकडं एक गोष्ट आधीच बघून ठेवा, सरकारी आणि ना-नफा संशोधन संस्थांना खर्चाच्या १०० टक्क्यांपर्यंत मिळतं पण उद्योग, स्टार्टअप, खासगी संस्थांना ५० ते ७० टक्केच, त्यामुळं आपली संस्था कुठल्या खान्यात बसते हे ट्रस्टच्या ऑफिसात विचारूनच पुढं जा, नाहीतर उरलेले पैसे कोण घालणार हा प्रश्न शेवटच्या दिवशी उभा राहतो. राज्याचं राजीव गांधी विज्ञान तंत्रज्ञान आयोग आहे, तिकडंही नजर असू द्या.

आता मुख्य मुद्दा, आणि माझं सगळ्यात जास्त म्हणणं इथंच आहे. प्रपोजल एआयपासून सुरू करू नका, प्रश्नापासून सुरू करा, आणि तो प्रश्न आपल्या गावचा असू द्या.

माझं पहिलं प्रपोजल "डीप लर्निंग वापरून सौरऊर्जेचा अंदाज" असं होतं, बारा पानं मॉडेलची, डेटाबद्दल जेमतेम चार ओळी. नापास झालं. रिव्ह्यूअरनं दोनच गोष्टी विचारल्या होत्या, डेटा कुठून आणणार, आणि हे जगात शंभर जणांनी केलंय त्यात तुमचं काय. वाईट वाटलं खूप, पण बरोबर विचारलं होतं. दुसऱ्या खेपेला मी उलटं केलं. सोलापूरचं ऊन घेतलं. पॅनेलची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये पॅनेल स्वतः ६५ अंशांपर्यंत तापतं, दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन घटतं म्हणजे ४० अंशांच्या फरकाला १२ ते १६ टक्के तिथंच गेले, वरून धूळ वेगळी, आणि पावसाळ्यात आपण पर्जन्यछायेत म्हणून ढग येतात-जातात पण बरसत नाहीत, पॅनेलवर सावली मात्र पडून जाते. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं कृत्रिम पावसाचा प्रयोग करायला सोलापूर निवडलं ते याच ढगांमुळं. मग लिहिलं की राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणं मोठ्या सोलर प्रकल्पांना दिवसाच्या ९६ भागांचा, म्हणजे दर १५ मिनिटांचा अंदाज द्यावा लागतो, चुकला की दंड, आणि असले ढग आले की नेहमीचं मॉडेल कुठं चुकतं ते आम्ही शोधणार. एआय शेवटी आलं, अवजार म्हणून. ते मंजूर झालं.

असे प्रश्न आपल्याकडं ढिगानं पडलेत हो. साखर कारखान्यांचं सहवीजनिर्मितीचं काम बघा, बगॅसमध्ये म्हणजे उसाच्या चिपाडात निम्म्याच्या आसपास ओलावा असतो आणि तो दर गाडीला बदलतो, बॉयलरवाला अनुभवानं सांभाळतो, तिथं सेन्सर आणि एक साधं मॉडेल लावून बघण्यासारखं आहे. यंत्रमागाच्या शेडमधल्या मोटारी आहेत. ऊर्जा सोडून विज्ञानाकडं जायचं असेल तर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, डाळिंबावरच्या तेल्या रोगाचे डाग पानावर दिसायच्या आधी ओळखता येतील का हा प्रश्न इथल्या प्रत्येक बागायतदाराच्या जिव्हाळ्याचा. शेजारच्या संस्थेतला एक माणूस को-पीआय म्हणजे सहसंशोधक म्हणून घ्या, कंप्युटरवाला एकटा आणि शास्त्रवाला एकटा असं प्रपोजल लंगडं दिसतं.

डेटाचं आधी करा, ग्रँट मिळाल्यावर नाही. हवामान खात्याचा ग्रिड डेटा, नासाचा पॉवर नावाचा ऊन-हवामानाचा डेटा, युरोपचा ईआरए५ हा हवामानाचा डेटा हे फुकट मिळतात. त्याच्या जोडीला कॉलेजच्या गच्चीवरच्या सोलर इन्व्हर्टरचा लॉग रोज उतरवून ठेवा, सहा महिन्यांचा स्वतःचा डेटा आणि त्यावरचा एक ग्राफ जोडला की रिव्ह्यूअरला कळतं हा माणूस खरंच कामाला लागलाय. कारखान्याकडून डेटा घेणार असाल तर त्यांच्या लेटरहेडवर सहीचं पत्र घ्या, "देतो की सर" यावर थांबू नका.

बजेटमध्ये सगळ्यात जास्त गडबड जीपीयूची, म्हणजे एआयची आकडेमोड करणाऱ्या महागड्या चिपांची होते. लोक थेट वीस-पंचवीस लाखांचा सर्व्हर मागतात. केंद्र सरकारचं इंडियाएआय मिशन मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं, १०,३७१.९२ कोटींचं, त्यातून संशोधकांना जीपीयू सवलतीत भाड्यानं मिळतात, सरासरी दर तासाला शंभर रुपयांच्या आत. किती तास लागतील त्याचा हिशोब मांडा, तेवढेच मागा, आणि एक साधं वर्कस्टेशन घ्या. उरलेला पैसा माणसांवर लावा. जेआरएफला म्हणजे प्रकल्पावरच्या कनिष्ठ संशोधकाला महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला म्हणजे वरिष्ठाला ४२,००० असा केंद्राचा दर १ जानेवारी २०२३ पासून आहे, वर घरभाडं, सोलापूर केंद्राच्या घरभाड्याच्या यादीत वाय वर्गात येतं ते धरून आकडा काढा. चांगली पोरगी किंवा पोरगा तीन वर्षं टिकला तरच काम होतं, मशीन नुसतं गरम होत बसतं. बाकी प्रवास, किरकोळ खर्च, ओव्हरहेड म्हणजे संस्थेचा वरखर्च हे नमुन्याप्रमाणं भरा, त्यात फार डोकं लावायची गरज नाही. मोठ्या वस्तूला कोटेशन जोडा.

सह्यांचा विषय लहान वाटतो पण आमच्या एका सहकाऱ्याचं प्रपोजल फक्त त्यावर गेलं. संस्थाप्रमुखांचं एंडॉर्समेंट सर्टिफिकेट म्हणजे संमतीचं पत्र लागतं, ते पाहुणे, लग्न, मीटिंग यात आठवडा आठवडा अडकतं, डेडलाइनच्या संध्याकाळी सही झाली आणि पोर्टल लोडच होईना. म्हणून कॉल म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात निघाली त्याच दिवशी कोरं सर्टिफिकेट प्रिंट करून ऑफिसात द्या, आणि सबमिट शेवटच्या तारखेच्या किमान तीन दिवस आधी.

सारांश मराठीत विचार करून लिहा आणि मग इंग्रजीत करा, मी तसंच करतो, वाक्यं सोपी येतात. लिहून झालं की घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा, माझ्या बायकोनं दुसऱ्या पानावर विचारलं होतं, "म्हणजे नेमकं काय करणार आहात?" आणि ते पान मी सगळं परत लिहिलं.

मंजुरी आली की पेढे वाटायच्या आधी अकाउंट सेक्शनला भेटा. पैसा पीएफएमएस या केंद्राच्या पैसे वाटायच्या ऑनलाइन यंत्रणेवरून येतो आणि तुमच्या मनासारखा एका खान्यातून दुसऱ्यात हलवता येत नाही, हलवायचाच असेल तर आधी लेखी परवानगी. दर आर्थिक वर्षाला युटिलायझेशन सर्टिफिकेट म्हणजे यूसी आणि खर्चाचा तक्ता द्यावा लागतो, तो गेला नाही की पुढचा हप्ता थांबतो आणि हप्ता थांबला की जेआरएफचा पगार थांबतो, ते पोरगं भाड्याच्या खोलीत राहत असतं, त्याचे हाल आपल्यामुळं होतात. मार्चमध्ये ऑफिसात ऑडिटची गर्दी असते, तेव्हा यूसीचा कच्चा हिशोब फेब्रुवारीतच त्यांच्या टेबलावर ठेवून यायचं.