शेंगेन व्हिसा काढताय? या चुका टाळा

करवीर तालुक्यातल्या माझ्या आत्याला लेकीच्या बाळंतपणासाठी जर्मनीतल्या म्युनिकला जायचं होतं. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांत थोड्या दिवसांसाठी चालणारा एकच व्हिसा) नाकारला. वर्षभर खात्यावर वीस-पंचवीस हजार रुपये आणि अर्जाआधी दहा दिवस एकदम साडेतीन लाख! पैसे उसाच्या बिलाचे, कष्टाचे. बिल असंच एकरकमी येतं, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही ठाऊक. वकिलातीतल्या साहेबाला मात्र ते कागदानंच सांगावं लागतं. दुसऱ्या खेपेला कारखान्याच्या पावत्या, सातबारा (दोन्हींचं इंग्रजी भाषांतर), मागच्या हंगामाच्या बिलाच्या नोंदी आणि जावयानं तिथल्या सरकारी कार्यालयात करून दिलेलं हमीपत्र जोडलं. काम झालं.

म्हणून पहिल्यांदाच नीट करा. नकारावर फेरविचाराचा अर्ज घेणं जर्मनीनं १ जुलै २०२५ पासून बंद केलंय. कोर्टाची वाट सोडली, तर नव्यानं अर्ज आणि पुन्हा ९० युरो.

दुसरी चूक दिवसांची. मुक्काम कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच. '९० दिवस' म्हणजे 'तीन महिने' नव्हे. १ जुलै ते ३० सप्टेंबर मोजा, ९२ भरतात. उतरल्याचा आणि निघाल्याचा दिवसही धरतात.

पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. बायकांच्या बाबतीत नावाचा घोळ फार. पासपोर्टवर माहेरचं, पासबुकावर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला जोडाच. तिकीट मात्र पासपोर्टवरच्या नावानंच काढा.

प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा.

फिरायला दोन-तीन देशांत जाणार असाल, तर जिथं जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, एजंटाला पाठवून भागत नाही. मुंबईच्या व्हिसा केंद्राची वेळ मिळाली असेल, तर महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघताना मूळ कागदांची पिशवी उशाशी ठेवा.

पासपोर्ट परत आला की त्यात चिकटवलेलं व्हिसाचं स्टिकर वाचा. आत्याच्या स्टिकरवर शेवटची तारीख पुढची होती, पण मुक्कामाचे दिवस ७५ लिहिले होते. जास्तीचे दिवस फक्त प्रवास मागेपुढे झाला तर म्हणून असतात. आत्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून एकेक दिवस मोजला, मगच परतीचं तिकीट काढलं.