ऐन गाण्यात आवाज गेला तर? सोलापुरातल्या ऑर्केस्ट्रावाल्या पोरांसाठी तयारीची यादी

स्टेजवर गिटार किंवा कीबोर्ड सहसा दगा देत नाही. दगा देतात वायर, सेल आणि करंट. म्हणून दुसरी गिटार घ्यायचं पुढं बघू, आधी माइकची, गिटारची आणि कीबोर्डची एकेक वायर जादा ठेवा. सोबत 9 व्होल्टचे नवे सेल, गिटारच्या तारांचा सेट (पहिली तार दोन), कीबोर्डचा जादा अडॅप्टर, इन्सुलेशन टेप, टॉर्च आणि मल्टिमीटर. हे सगळं एकाच पिशवीत, आणि ती पिशवी स्टेजवर. खाली टेम्पोत ठेवलेली पिशवी काही कामाची नाही.

सामान उतरवलं की पहिल्यांदा करंट बघा. हुतात्मा स्मृती मंदिरात कार्यक्रम असेल तर तिथल्या इलेक्ट्रिशियनशी आधीच बोलून घ्या. गणपतीत किंवा भीमजयंतीला गल्लीत उभ्या केलेल्या स्टेजची गोष्ट वेगळी, तिथं लाइन कुठून ओढलीय हे कधीकधी मंडपवाल्यालाही सांगता येत नाही. बोर्डात मल्टिमीटर घाला. फेज आणि न्यूट्रलमध्ये 230 च्या आसपास हवेत. न्यूट्रल आणि अर्थमध्ये चार-पाच व्होल्टच्या वर दाखवलं तर आधी वायरमनला बोलवा, मग प्लग लावा. थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल सुटला की एखाद्या बोर्डावर 300 च्या पुढं व्होल्टेज चढतं आणि मिक्सर जळून जातो. घूं असा आवाज येतो म्हणून प्लगची अर्थची पिन मोडणारे महाभाग अजून आहेत. ते कधीच करू नका. डीआय बॉक्सवर (गिटार किंवा कीबोर्ड आणि मिक्सर यांच्यामधली छोटी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. गायकाच्या ओठांना माइकची झिणझिणी लागली तर गाणं तिथंच थांबवा आणि मेन स्विच पाडा.

डिजिटल मिक्सर, कीबोर्ड आणि ट्रॅकचा (आधी रेकॉर्ड केलेल्या साथीचा) लॅपटॉप छोट्या यूपीएसवर ठेवा. लाइट जाऊन जनरेटर चालू होईपर्यंत थोडा वेळ जातो, आणि मिक्सर पुन्हा उठायला वर आणखी वेळ घेतो. अँप्लिफायर मात्र यूपीएसवर लावू नका, तेवढा लोड यूपीएस ओढणार नाही. जनरेटरमधलं डिझेल स्वतः बघा, ‘फुल आहे दादा’ यावर जाऊ नका. ट्रॅक मोबाईलमध्येही हवेत, तोही फ्लाइट मोडवर.

एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा लॅपटॉप सावलीत ठेवा. कोरड्या हवेत ढोलकीचं कातडं ताणून सूर चढतो, म्हणून चारला लावलेली ढोलकी आठला पुन्हा लावा. स्वस्तातले 2.4 गिगाहर्ट्झचे वायरलेस माइक दुपारी रिकाम्या मैदानात झकास चालतात, संध्याकाळी गर्दीचे मोबाईल आले की तुटायला लागतात. एक वायरचा माइक स्टँडवर तयारच ठेवा.

आणि तरीही गिटार गप्प झाली तर? गिटारवाल्यानं मान हलवत बसू नये. ठरलेली खूण करावी, मिक्सरवाल्यानं चॅनल म्यूट करावा, नाहीतर जॅक उपसताना धडाम आवाज होतो. मग क्रमानं: व्हॉल्यूम, पेडल काढून थेट डीआय, वायर बदल, चॅनल बदल. तोवर ढोलकी आणि गायकानं थांबायचं नाही. निवेदकाकडं तीन-चार मिनिटांचा मजकूर हवा, आणि फक्त ढोलकीवर निघतील अशी दोन गाणी बसवलेली हवीत. पूर्व भागात, म्हणजे शहरातल्या तेलुगू वस्तीत, कार्यक्रम असेल तर त्यातलं एक तेलुगू ठेवा, पब्लिक स्वतःच गायला लागतं.

परवानगी वाढवून मिळाली नसेल तर 10 ला स्पीकर बंद. म्हणजे गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. कुठली गाणी गाळायची त्यावर दुपारीच पेन्सिलीनं खूण करा. फक्त अध्यक्षांच्या फर्माईशीला हात लावू नका, उरलेलं पाकीट त्यांच्याच खिशात असतं.