डिस्क भरली? आधी आरएमवरचा हात काढा

सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली की नव्या पोरांचा हात पहिला कुठे जातो? आरएमवर, म्हणजे फाइल पुसायच्या कमांडवर. सगळ्यात मोठी लॉग (प्रोग्रॅमच्या नोंदींची) फाइल शोधायची, उडवायची, आणि मग फोन: "दादा, डीएफ अजून शंभरच दाखवतंय." डीएफ म्हणजे डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड. असा फोन महिन्यातून एकदा तरी येतोच.

हसत नाहीये, मीही हेच केलंय. रात्री दोनला उठवलं होतं. 32 जीबीची लॉग दिसली, उडवली. डीएफ -एच: 100 टक्के. फायलींनी किती जागा खाल्ली ते मोजणारं डीयू मात्र खूपच कमी आकडा दाखवत होतं. खोटं कोण बोलतंय तेच कळेना. मग तासभर दिसेल ती फाइल उडवत बसलो. त्यात दोन आठवड्यांच्या जुन्या लॉगही गेल्या, आणि सकाळी नेमक्या त्याच मागितल्या!

खोटं कोणीच बोलत नव्हतं. लिनक्समध्ये आरएम फाइलचं फक्त नाव पुसतं. एखाद्या प्रोसेसनं (चालू प्रोग्रॅमनं) ती उघडी धरली असेल तर जागा सुटत नाही. डीयू नावं धरून मोजतं, डीएफ थेट फाइलसिस्टिमला विचारतं. अशा वेळी रूट (सगळे अधिकार असलेला यूजर) होऊन एलएसओएफ +एल1 चालवा. नाव गेलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फायली प्रोसेससकट समोर येतात. मग ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, झालं.

मी स्वतः चालू लॉग पुसतच नाही, ट्रंकेट -एस 0 करून रिकामी करतो. नंतरही एलएस (फायलींची यादी देणारी कमांड) मोठाच आकडा दाखवत असेल तर घाबरू नका. प्रोग्रॅम जुन्या जागेपासूनच पुढे लिहितोय. खरा आकडा डीयू सांगेल. आणि लॉगरोटेट, म्हणजे जुन्या लॉग आपोआप काढत राहणारं टूल, त्याच दिवशी लावा. "नंतर बघू" वाले मला पुन्हा रात्री दोनलाच भेटतात.

जागा आहे, तरी फाइल बनत नाही? डीएफ -आय बघा, आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी नोंद) संपले असतील.

क्रॉनटॅब म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी. ती बदलायला क्रॉनटॅब -ई; त्याऐवजी -आर दाबलं की सगळी यादी साफ, न विचारता. कीबोर्डवर दोन्ही अक्षरं शेजारीशेजारी आहेत. म्हणून मी आधी क्रॉनटॅब -एलनं दिसणारी यादी फाइलमध्ये उतरवून ठेवतो.

सीएचमॉड 777, म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी, हा निव्वळ आळस. होम फोल्डरला लावलंत तर एसएसएच (दुरून लॉगिन करायची सोय) तुमचीच की, म्हणजे लॉगिनची किल्ली, नाकारतं. मग बसा सर्व्हरचा थेट कन्सोल शोधत.

किल -9, म्हणजे प्रोग्रॅम जबरदस्तीनं बंद करणं, पहिल्याच फटक्यात नको. साधं किल द्या, दहा सेकंद थांबा. डेटाबेस असेल तर आणखी थांबा.